कमरेवर मुंग्या, दुखणं गप्प

पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यात रोवणी सुरू झाली की बाया सकाळीच बांधीत उतरतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी. उजव्या हाताने दोन-चार रोपं काढायची, चिखलात खुपसायची, एक पाऊल मागे सरायचं. हे सगळं वाकूनच! संध्याकाळी कंबर धरून बसलेली आजी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली असेल. दुखणं हटेनासं झालं की डॉक्टर कधी कधी फिजिओथेरपीला पाठवतात आणि तिथे आजीच्या कमरेला चक्क करंट लावतात!

घाबरू नका. त्या यंत्राचं नाव टेन्स. हातात मावेल एवढं, छोट्याशा बॅटरीवरही चालणारं. त्याच्या वायरींना मऊ, चिकट पट्ट्या असतात. त्या दुखऱ्या जागेजवळ चिकटवायच्या आणि करंट हळूहळू वाढवायचा. आधी काहीच कळत नाही. मग एकदम मुंग्या! विजेचे बारीक ठोके कातडीतून आत जातात, पुष्कळदा सेकंदाला शंभराच्या आसपास.

पण मुंग्यांनी दुखणं कसं कमी होतं? गुडघा आपटला की तुम्ही तो खसाखसा चोळता ना? उत्तर त्यातच आहे. स्पर्शाचा, म्हणजे चोळण्याचा आणि टेन्सच्या मुंग्यांचाही, निरोप जाड नसांमधून सेकंदाला 50 मीटरच्या आसपास वेगाने धावतो. ठणकणाऱ्या दुखण्याचा निरोप बारीक नसांमधून जातो, सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. दोघांनाही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून मेंदूकडे जायचं असतं. तिथे जणू रेल्वेचं फाटक आहे: स्पर्शाची एक्स्प्रेस धडधडत असेल तोवर दुखण्याची बैलगाडी अडकून पडते. ही कल्पना रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडली. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विजेने दुखणं थांबवून दाखवलं, आणि तेही आधी स्वतःवर प्रयोग करून! मला या दोघांच्या धाडसाचं फार कौतुक वाटतं.

त्याहून जुनी गंमत ऐका. सुमारे 2000 वर्षांपूर्वी स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य पाय दुखणाऱ्या रोग्याला समुद्रकाठी जिवंत वीजमाशावर उभं राहायला सांगायचा, पाय बधिर होईपर्यंत!

टेन्सने दुखण्याचं मूळ जात नाही. करंट चालू असताना आणि नंतर थोडा वेळ आराम पडतो, तोही सगळ्यांना सारखा नाही. छातीत पेसमेकर बसवला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावायचं नसतं. आणि घरातल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्टची वीज असते, ती जीव घेते. तिच्याशी कसलाही प्रयोग करायचा नाही, म्हणजे नाही!

आजी म्हणेल, "रोवणी झाली की थांबते कंबरदुखी." तिचं ऐकू नका. तिला दवाखान्यात न्या, असं घरात हट्टाने सांगा.