जुन्या इंजिनाचा ‘ओरिजिनल’ रंग: समज आणि वस्तुस्थिती

भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात एखाद्या जुन्या गिरणीच्या शेडमध्ये डोकावलं, तर कोपऱ्यात बीडाचं इंजिन, शेजारी हलर आणि उंदरांनी कुरतडलेला पट्टा हमखास दिसतो. वीज आली, मोटर बसली आणि इंजिन मागे पडलं. आता कुणाला ते आजोबांची आठवण म्हणून पुन्हा चालू करायचं असतं, कुणाला शेतघराच्या दारात मांडायचं असतं. मेकॅनिक मिळतो, पिस्टनच्या रिंगा मिळतात. घोडं अडतं ते रंगापाशी. कारण रंगाबद्दल प्रत्येकाचं मत ठाम असतं आणि बहुतेक वेळा चुकलेलं असतं.

‘दिसतो तोच कंपनीचा रंग’ हा त्यातला सगळ्यात भाबडा समज. खंडेनवमीच्या पूजेआधी यंत्र पुसून त्यावर रंगाचा एक हात मारायची आपली रीत आहे. त्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानात जो डबा मिळाला तो रंग. त्यामुळे वर दिसतो तो फार तर शेवटच्या दसऱ्याचा.

हे पटलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो: ‘खरवडत जा, सगळ्यात खाली लागेल तो मूळ.’ खाली लागतो तांबूस रंग, आणि मग इंजिन तांबडं रंगवलं जातं. तो तांबूस थर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणारा प्रायमर. वाळूच्या साच्यातून निघालेलं बीड खडबडीत असतं. कारखान्यात त्यावर प्रायमर, मग खड्डे बुजवायला लांबी, त्यावर अस्तर आणि शेवटी रंग अशी चढण असे. म्हणून मूळ रंग तळाशी नसतो. लांबी-अस्तराच्या लगेच वर असतो.

तो शोधायला अख्खं इंजिन सोलायची गरज नाही. पट्ट्याच्या गार्डच्या आतली किंवा तळाजवळची, सहसा हात न पोचणारी जागा निवडा. पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा वॉटर पेपर गोल गोल फिरवा, मग ८०० आणि १००० नंबरचा. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत थर एकात एक कड्यांसारखे उघडे पडतात. आता भिंगातून दोन कड्यांमधली रेष पाहा. तिथे काजळी-तेलाची काळी रेघ असेल, तर खालच्या रंगावर यंत्र प्रत्यक्ष चाललेलं आहे. रेघ नसेल, तर दोन्ही थर बहुधा एकाच वेळी दिलेले, म्हणजे एक अस्तर आणि एक रंग. रंगाच्या डब्यावरच्या शेडपेक्षा ही मळकी रेघ मला जास्त भरवशाची वाटते.

हे काम कोरडं करू नका. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तोच जुन्या प्रायमरमध्ये सर्रास वापरत, आणि पिवळ्या-हिरव्या रंगांतही शिसं असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तुमचं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं. ग्राइंडर किंवा ब्लो लॅम्प लावलात, तर ते शिसं हवेत उडेल, आणि शेजारच्याच खोलीत तांदूळ सडला जात असेल. ओलं घासा, गाळ फडक्याने टिपून वेगळा ठेवा, पोरांना लांब ठेवा.

जाणकारांचाही एक आवडता समज आहे: ‘नेमप्लेटखाली ऊन लागत नाही, तिथला रंग शंभर टक्के खरा.’ अर्धंच खरं. तेलातले आणि अल्किड रंग अंधारात पिवळट पडतात. निळ्यावर पिवळी झाक आली की तो हिरवट दिसतो आणि फिका करडा मळक्या पिठासारखा. प्लेट काढून ती जागा काही आठवडे चांगल्या उजेडात राहू दिली, तर हा पिवळेपणा बराच उतरतो. उघड्यावरच्या रंगाची तऱ्हा वेगळी. जुना इंग्रजी ‘ब्रन्सविक’ हिरवा हा प्रशियन निळा आणि शिशाचा क्रोम पिवळा यांच्या मिश्रणाचा. क्रोम पिवळा उन्हात काळवंडतो आणि वरची साय खडूसारखी भुकटी होते. म्हणजे एक जागा पिवळी खोटी, दुसरी काळी-पांढरी खोटी. दोन्हींची साक्ष घ्यावी आणि निकाल मधे कुठेतरी द्यावा.

‘पण कंपनीचा रंग तर एकच असतो ना?’ नसतो. आधी प्लेट वाचा. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ची, सातारा रोडच्या कूपरची १९२२ची. इंजिन किती जुनं असू शकतं याला तिथेच एक हद्द पडते. इंग्लंडच्या लिस्टरसारखं दिसणारं हिरवं इंजिन राजकोटची नक्कलही असू शकतं. रंगाचे पुरवठादारही वेगवेगळे: हावड्याचं शालिमार १९०२चं, मुंबईत लोअर परळचं गहागन (पुढचं नेरोलॅक) १९२०चं, एशियन पेंट्स १९४२चं. प्रत्येकाच्या घाण्यात थोडा फरक पडायचाच. शेडला क्रमांक देणं जर्मनीत १९२७ साली ‘राल’ने आणि ब्रिटनमध्ये १९३०च्या मानकाने रुजवलं. आपली मानक संस्था १९४७ची. तिचं पहिलं मानक राष्ट्रध्वजाचं आणि पाचवं, आय.एस. ५, तयार रंगांच्या शेडचं. त्यातले ५३७ सिग्नल रेड किंवा ६३२ डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे हे क्रमांक ब्रिटिश यादीतलेच. त्यामुळे १९५०-६०च्या यंत्रासाठी आय.एस. ५चं शेडकार्ड ही चांगली सुरुवात आहे. त्याआधीच्या यंत्राला क्रमांक चिकटवणं म्हणजे नुसता अंदाज.

हाच घोळ वर्कशॉपातल्या जुन्या लेथबद्दलही होतो. तेही ‘सगळे हिरवेच’ नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मळ लपावा म्हणून काळा किंवा गडद करडा चाले. १९४०च्या दशकात अमेरिकेत फेबर बिरेनसारख्या सल्लागारांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून फिक्या छटांचा आग्रह धरला.

मोबाइलवरच्या फोटोवरून शेड काढू नका. कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग स्वतःच बदलतो. दुकानातलं मोजणी यंत्र बरं, पण तेही आज दिसतो तो जुनाट रंगच मोजणार. शिवाय ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर उजेडात फारकत घेऊ शकतात. पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावून तो पूर्ण वाळू द्या आणि मगच ढगाळ दिवशी दारात धरून पाहा. असे दिवस वेल्ह्याच्या पावसाळ्यात हवे तेवढे. फक्त जुळवणीच पावसाळ्यात करा, रंगकाम दिवाळीनंतर. दमट हवेत ड्यूकोवर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणाऱ्या लॅकर रंगावर, पांढुरकी झाक धरते.

ड्यूको की ऑइल पेंट, हेही आधी ठरवा. थिनरचं फडकं जुन्या रंगावर फिरवा. रंग लगेच विरघळून फडक्यावर आला तर ड्यूको. सुरकुतून उचलला तर ऑइल पेंट, आणि त्यावर थेट ड्यूको मारलात तर सगळंच फुगून वर येईल. पट्टा धावतो ती चाकाची कड, लेथचा बेड, स्लाइड, पितळी प्लेट यांना रंग नकोच, कारखान्यातही नव्हता. सायलेन्सरला उष्णता सोसणारा रंग घ्या. साधा ऑइल पेंट तिथे पहिल्या तासातच करपायला लागतो.