गोग्रास देताना

पुणे-नाशिक मार्गावरील कारखान्यांच्या गजबजाटात भोसरीचे पांजरपोळ आहे. चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या घरांत लग्न किंवा पारणे झाले की गाईंना पोळ्या, भात, मिष्टान्न घालण्याची रीत आहे. त्यामागील भावना निर्मळ असली, तरी गाईचे पोट आपल्यासारखे नाही.

तिच्या चार कप्प्यांच्या जठरातील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तेथील अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवून पचवितात. तेथील सामू साधारणतः ६ ते ७ असतो. एकाएकी पुष्कळ भात, पीठ वा गोड पदार्थ पोटात गेले की आम्ल निर्माण करणारे जीवाणू माजतात, सामू ५.५ च्याही खाली उतरतो आणि उपकारक सूक्ष्मजीव मरू लागतात. गाय रवंथ थांबविते, चारा सोडते, प्रसंगी दगावतेही.

पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खाद्यात दिलेले जिवंत यीस्ट आम्ल संपविणाऱ्या जीवाणूंना बळ देते. निरोगी गाईच्या कोठीपोटातील द्रव आजारी गाईला पाजणे, हाही जुना उपचार आहे. मात्र यीस्ट दिले म्हणून चुकीचा आहार खपत नाही. या सूक्ष्मजीवांचे खरे पोषण वैरणीनेच होते, आणि खाद्यातील बदलही दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा लागतो.

म्हणून पुढील मंगलप्रसंगी उरलेल्या पक्वान्नांची पातेली पांजरपोळात नेण्याऐवजी कडब्याची वा हिरव्या चाऱ्याची रक्कम द्यावी. जीवदयेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच ती त्या मुक्या जीवापर्यंत पोहोचते.