हेल्मेट तडकलं, म्हणजे माल हलका?

"चरासुद्धा नाही, हेल्मेट ठणठणीत आहे!" वाईजवळच्या पसरणी घाटात गाडी घसरली, डोकं आपटलं, तरी उठून बसलेला माणूस हे हमखास म्हणतो. हिशेब चुकतो तो इथंच. एबीएस प्लास्टिकचं कवच वाकून पूर्ववत होतं. आतला थर्मोकोल मात्र एकदा चेपला की चेपला. धक्का पोटात घेतो तो हाच थर, म्हणून ते हेल्मेट आता टाकायचं. उलट, तडकलेलं कवच पाहून 'माल हलका' असंही म्हणू नये. तडे जाण्यातही धक्क्याची ऊर्जा खर्च होते.

हे तडे कुठून जातील, ते कॉम्प्युटरवर हेल्मेटचं मॉडेल करून आधीच पाहता येतं. पण मॉडेलला प्लास्टिकची ताकद म्हणून एक आकडा दिला की झालं, हा समज खोटा. जुन्या बादलीची कड हळूहळू दाबली तर वाकते आणि तिथं पांढरी रेघ उमटते. आत उघडलेल्या सूक्ष्म छिद्रांवरून प्रकाश विखुरतो, त्याची ती रेघ. तीच बादली वाईच्या गणपती घाटाच्या पायऱ्यांवर आदळली तर कडाडकन फुटते. प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंना एकमेकांवरून सरकायला वेळच मिळत नाही. थंडीतही तेच. म्हणून वेगवेगळ्या वेगांचे, तापमानांचे आकडे आधी प्रयोगशाळेत काढावे लागतात.

दुसरा समज: जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर अचूक. मॉडेलमध्ये कवचाचे हजारो तुकडे पाडतात, त्यांचीच ही जाळी. समजा, अडीच मीटरवरून पडलेलं हेल्मेट ताशी २५ किलोमीटरने आपटतं. तुकडे एक मिलिमीटरचे धरले, तर दहा मिलिसेकंदांच्या धडकेसाठी वेळेच्या सुमारे वीस हजार टप्प्यांचं गणित होतं. तुकडे आणखी बारीक केले की तडा एका तुकड्याएवढाच अरुंद होतो आणि फुटायला लागणारी ऊर्जा, निव्वळ कागदावर, घटते. नवा पृष्ठभाग तयार व्हायला ठरावीक ऊर्जा लागते, हे ब्रिटिश अभियंता ग्रिफिथने १९२१ मध्येच मांडलं होतं. ही ऊर्जा गणितात बांधली नाही, तर जाळी बदलली की निकाल बदलतो.

मग कॉम्प्युटर आहे म्हणून हेल्मेटची प्रत्यक्ष आदळआपट बंद? नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे आणि तो आयएस ४१५१ मानकाच्या प्रत्यक्ष चाचण्यांवरच मिळतो. त्याला कारणही आहे. साच्यात वितळलेलं प्लास्टिक हवेच्या भोकाला वळसा घालून पलीकडे जुळतं, तिथला सांधा कच्चा राहतो. ड्रॉइंगमध्ये हा सांधा नसतो. तडा अनेकदा तिथूनच सुरू होतो.