कोपींतील गॅसची शेगडी

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. तेथें पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपींत बिऱ्हाड मांडलें जातें. कोणाकोणाच्या सामानांत आतां ५ किलोची गॅसची टाकीहि असते. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळल्यास वर जात नाहीं. जमिनीलगत, निजलेल्या लेंकरांच्या उशाशींच सांचतो. मूळचा तो निर्गंध; गळती कळावी म्हणून त्यास उग्र दर्प मुद्दाम दिलेला असतो. यास्तव टाकी दाराजवळ, वाट न अडवितां, उभी ठेवावी. नळीचा सांधा साबणाच्या फेंसानें तपासावा. बुडबुडे उठले तर गळती निश्चित समजावी. निजण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद करावा. वास येतांच काडी ओढूं नये, विजेच्या बटणास हात लावूं नये. टाकी बंद करून सर्वांनीं बाहेर पडावें. पाचटास एक ठिणगीहि पुरते.