पाण्यात बुडणारा मासा

मासा पाण्यात बुडून मेला असं कोणी सांगितलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण आमच्या हातून हे झालंय!

एका शनिवारी मी आणि माझ्या रूम पार्टनरने नवीन जालन्याच्या बाजारातून जिवंत मरळ आणली. रविवारचा बेत होता. विकणाऱ्याच्या घमेल्यात ती चार बोटं पाण्यात मजेत होती. आम्ही जरा जास्तच काळजी घेतली. बादली काठोकाठ भरली आणि उडी मारू नये म्हणून वर ड्रॉइंग बोर्ड दाबून ठेवला. सकाळी बघतो तर मरळ मेलेली!

लायब्ररीत शोधलं तेव्हा उलगडा झाला. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेसाठी घड्या-घड्यांचा एक कप्पा असतो. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. ती मधून मधून वर येऊन तोंडाने हवा घेते. ती वाट बंद झाली की गुदमरते. म्हणजे जीव घेतला तो आमच्या बोर्डने.

निसर्गाने ही सोय का केली? गणित सोपं आहे. ३० अंश सेल्सिअसला हवेतून एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो! उन्हाळ्यात नदी डबक्यांपुरती उरते, पाणी तापतं, ऑक्सिजन आणखी घटतो. इतर मासे मरतात, मरळ तगते. डबकं आटलंच तर ओल्या चिखलात शिरून पावसाची वाट बघते.

सापासारख्या डोक्यामुळे इंग्रजीत हिला स्नेकहेड म्हणतात. बेडूक, किडे, लहान मासे हे तिचं खाणं. एवढी शिकारी, पण पिल्लांच्या बाबतीत भलतीच हळवी. पाणवनस्पतींत जागा साफ करून अंडी घालते आणि नर-मादी राखण करतात. पिल्लांचा लालसर थवा हवेसाठी वर येतो, खाली आईबाप पहारा देत असतात.

नेमका तो थवा बघूनच काही जण तिथे गळ टाकतात. चिडलेले आईबाप झेप घेतात आणि अडकतात. मग राखणदार गेले की पिल्लांना इतर मासे, पक्षी संपवतात.

तेव्हा मित्रांनो, कुंडलिकेच्या काठी असा लाल थवा दिसला तर गळ गुंडाळून ठेवा. आणि मरळ आणलीच, तर बादली अर्धीच भरा!