कनका राजू गेले, मग गुसाडी कुठे राहिली?

मागच्या लेखात आपण लोककलांच्या 'दस्तऐवजीकरणा'बद्दल बोललो होतो. आज तोच धागा पुढे नेतोय, पण एका माणसाला आठवत.

२५ ऑक्टोबर २०२४ ला कनका राजू गेले. तेलंगणातल्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या मारलावाई गावचे हे राजगोंड गृहस्थ. गावातल्या आश्रमशाळेत त्यांनी स्वयंपाकी म्हणून काम केलं, मोठा संसार ओढला, आणि आयुष्यभर गुसाडी नाचले, शिकवली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते गेल्यावर 'कला जपणारा माणूस गेला' असंच सगळे म्हणाले. माझा प्रश्न या 'जपणं' शब्दापाशी अडतो. नाच जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

आधी गुसाडी म्हणजे काय ते बघू. कोजागिरी झाली की राजगोंडांच्या गावांत दंडारीचे दिवस सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत चालतात. दंडारी म्हणजे गावातल्या पुरुषांचा नाचणारा ताफा. त्यातले काही जण गुसाडी होतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, खोटी दाढी-मिशी, उघड्या अंगाला राख, खांद्यावर कातडं, गळ्यात माळा, कमरेला नि पायात घुंगरं, हातात दंड. हा वेश चढला की तो माणूस शेजारचा अमुक तमुक राहत नाही. त्याच्यात देव उतरलाय असं मानतात. म्हणून त्याला व्रत असतं. दंडारी संपेपर्यंत तो अंघोळसुद्धा करत नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हा ताफा आपल्याच गावात नाचून थांबत नाही, दुसऱ्या गावाला पाहुणा म्हणून जातो. ते गाव त्यांना उतरवून घेतं, जेवू घालतं, रात्रभर नाच होतो. राजगोंडांत कुळांचे गट असतात आणि एकाच गटात लग्न होत नाही. त्यामुळे सोयरीक जुळू शकेल अशा गावांशी हे जाणं-येणं जास्त. सोयरिकीची बोलणीही याच दिवसांत निघतात. म्हणजे नाच हा इथे दोन गावांमधला व्यवहार आहे.

आता तुम्ही म्हणाल, सेवाग्रामात बसून तेलंगणातल्या नाचाचं काय घेऊन बसलात? तर सेवाग्राम स्टेशनातून दक्षिणेला जाणारी गाडी बल्लारशाह ओलांडते आणि थोड्याच वेळात त्या मुलखात शिरते. आपल्याकडचे आत्राम, मडावी, टेकाम तिकडेही आहेत. १९५६ पर्यंत तर आजचे किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली, रेषा सरकली. सोयरिकी काही सरकल्या नाहीत. आपल्या बाजूच्या गोंड गावांतही दिवाळीला दंडार निघते ती याचमुळे.

मारलावाई हे गाव अभ्यासकांना नवीन नाही. १९४० मध्ये जोडेघाटला कुमुरम भीम मारले गेले. त्या उठावानंतर निजाम सरकारला गोंडांचं म्हणणं समजून घ्यायची गरज वाटली आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानवशास्त्रज्ञ इथे आले. ते पत्नी बेटी एलिझाबेथ यांच्यासह मारलावाईत राहिले. गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र १९४३ मध्ये याच गावात सुरू झालं, आणि गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत निघाली. त्या काळात आदिलाबादेत अधिकारी असलेले आपले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, गोंडांवर पुस्तक लिहिलं. १९४८ मध्ये हायमेनडॉर्फ यांचा राजगोंडांच्या पुराणकथा आणि विधींवरचा ग्रंथ आला. थोडक्यात, कागदावर ही परंपरा तशी सुरक्षित आहे.

मग चिंता कसली? इथे डायना टेलर या अभ्यासिकेचा विचार कामाला येतो. २००३ च्या आपल्या पुस्तकात त्या ज्ञान साठवायच्या दोन जागा सांगतात. एक दप्तर: ग्रंथ, फोटो, चित्रफिती, वस्तू. दुसरी देह: नाच, विधी, बोलणं, चालणं. दप्तरातलं ज्ञान माणूस गेल्यावरही टिकतं. देहातलं ज्ञान टिकायचं तर कुणीतरी ते पुन्हा करावं लागतं, हजर राहून. सोपं उदाहरण घ्या. भाकरीची कृती लिहून ठेवता येते, पण पिठाला किती पाणी हे आईच्या शेजारी बसल्याशिवाय हाताला कळत नाही. सेवाग्रामच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमचा आग्रहच होता, हाताने शिका.

कनका राजू ती दुसरी जागा होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुसाडीचा ताफा दिल्लीला प्रजासत्ताक दिनाला नेला, इंदिरा गांधींसमोर नाच झाला. पुढे गावातल्या पोरांना ते शिकवत राहिले.

पण इथेच खरी अडचण आहे. दिल्लीच्या रस्त्यावर गुसाडीला मिळतात काही मिनिटं. तिथे व्रत नाही, उतरवून घेणारं गाव नाही, सोयरीक नाही, कोजागिरी ते दिवाळी हा काळही नाही. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, मंचावर गेला की विधी मरतो, उरतो तो फक्त पोशाख. मलाही आधी असंच वाटायचं. आता तितकंसं वाटत नाही. ज्या समाजाला शतकभर 'मागास' म्हणून हिणवलं, त्याच्या पोराला आपला नाच दिल्लीत मान मिळवतो हे दिसणं छोटी गोष्ट नाही. त्या मानामुळे शिकायला पोरं येत असतील, तर मंच विधीला थोडा हातभारच लावतो.

फक्त हातभार म्हणजे सगळं नव्हे. माझ्या मते गुसाडी टिकायला तीन गोष्टी लागतात: नाच येणारा देह, ठरलेला काळ आणि वाट बघणारं गाव. पहिली गोष्ट गुरू देऊ शकतो, आणि कनका राजूंनी ती दिली. उरलेल्या दोन कुठलाही गुरू, कुठलाही पुरस्कार देऊ शकत नाही. ऐन दिवाळीत पोरगं शहरात कामावर असेल, किंवा पंधरा-वीस पाहुण्यांना जेवू घालणं गावाला झेपत नसेल, तर पावलं येत असूनही दंडारी निघणार नाही. म्हणून 'परंपरा वाचवा' म्हणून नुसती शिबिरं भरवणाऱ्यांनी कधी सुट्टीचं, मजुरीचं आणि धान्याचंही विचारावं. माझ्यासारख्या कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनीही.

जाता जाता पंचांग उघडून बघा. २०२४ ची कोजागिरी ऑक्टोबरच्या मध्यावर होती आणि दिवाळी महिन्याच्या शेवटी. म्हणजे कनका राजू गेले ते ऐन दंडारीच्या दिवसांत. ज्या दिवसांसाठी त्यांनी पोरांना तयार केलं, त्याच दिवसांत. आता त्यांची आठवण ठेवायची तर पोरांची पावलं मोजून भागणार नाही. येत्या दिवाळीला कुठलं गाव कुठल्या गावाला उतरवून घेतंय, ते विचारावं लागेल.