चांगले कॉलेज : कोणासाठी चांगले?



निकाल लागले की आमच्याकडे माणसे येतात. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी येतात. ओट्यावर बसतात, पाणी घेतात, पावसाचे आणि कपाशीचे बोलतात, आणि उठता उठता मूळ विषय काढतात : "सर, मन्हा पोऱ्याले कोठे टाकू?" नव्वद टक्केवाल्यांचे पालक सहसा येत नाहीत, त्यांचे ठरलेले असते. येतो तो पंचावन्न-साठ टक्केवाल्याचा बाप. मुलगा दाराशी उभा असतो, चपलांकडे बघत. आजचे बोलणे त्या मुलासाठी आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. या विषयाने एक सवय लावली : उत्तराच्या मागे धावण्याआधी प्रश्नातले शब्द तपासायचे. 'मध्यम गुणांच्या मुलासाठी चांगले कॉलेज कोणते?' यात दोन शब्द तपासण्यासारखे आहेत. एक 'मध्यम', दुसरा 'चांगले'.

'मध्यम' म्हणजे काय?

२०२५ साली राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. सगळेच पास होतात, तेव्हा पास होण्याचे कौतुक उरत नाही, आणि अठ्ठावन्न टक्के मिळालेल्या मुलाला घरात तोंड लपवावेसे वाटते. पण अठ्ठावन्न हा आकडा काय सांगतो? त्या तीन तासांत, त्या पद्धतीच्या प्रश्नपत्रिकेवर, त्या मुलाने काय लिहिले, एवढेच. मुलगा मोटार खोलून परत जोडतो का, चार माणसांत हिशेब पटवून देतो का, आजारी आजीजवळ रात्र काढतो का, हे त्या आकड्यात नसते.

दुसरा घोळ पर्सेंटाइलचा. सीईटीत मुलाला ६० पर्सेंटाइल आले की वडील सांगतात, "साठ टक्के पडले." तसे नाही. शंभर मुले धावली आणि साठ जण तुमच्या मुलाच्या मागे किंवा बरोबरीला राहिले, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्ष गुण २०० पैकी निम्म्याहून बरेच कमी असू शकतात. हे समजून घेतले नाही, तर बारावीचे टक्के आणि सीईटीचे पर्सेंटाइल एकाच तागडीत टाकून आपण निराश तरी होतो, नाही तर उगाच फुशारतो. आणि हेही लक्षात ठेवा, अभियांत्रिकीच्या पदवीसाठी बारावीच्या ठरावीक विषयांत खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. म्हणजे दार मध्यम मुलालाही उघडे आहे. कोणते दार, एवढाच प्रश्न.

'चांगले' या शब्दाचे काय करायचे?

ॲरिस्टॉटल सांगून गेला, की वस्तूचे चांगलेपण तिच्या कामावरून ठरते. विळा गवत कापायला चांगला, दाढी करायला नाही. 'चांगला विळा' म्हणताना काम कोणते ते आपण गृहीत धरतो. कॉलेजबद्दल मात्र हे विसरतो. 'चांगले कॉलेज' हे वाक्य अर्धे आहे. कोणासाठी चांगले, कशासाठी चांगले, हे जोडल्याशिवाय ते पुरे होत नाही.

हुशार मुलगा बहुधा कुठेही शिकतो. त्याला कॉलेजकडून संगत हवी असते, नाव हवे असते. मध्यम मुलाला हवा असतो शिकवणारा माणूस. एखादा विषय समजला नाही तर कोणाच्या तरी ध्यानात यावे, दोन दिवस वर्गात दिसला नाही तर कोणी विचारावे, ही त्याची गरज. दोन्ही गरजा एकाच ठिकाणी भागतील असे नाही.

आपल्या खानदेशात याचे जुने उदाहरण आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचे काम पाहू लागले. मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. आज आपण ज्याला सुविधा म्हणतो, त्यातले तिथे फार काही नसेल. पण आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हे मुलांना कळत होते. मध्यम मुलाला आम्ही 'चांगली' म्हणतो ती संस्था अशी.

आमची एक चूक

ही गोष्ट सांगायला आम्हाला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. मुलाला अठ्ठावन्न टक्के, वायरिंगच्या कामात हात चांगला. आम्ही मोठ्या शहरातल्या एका कॉलेजचे नाव सुचवले. का? तर नाव मोठे होते. ते कॉलेज आम्ही कधी पाहिले नव्हते. व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळाली. वडिलांनी दोन बिघे वावर गहाण टाकले.

दुसऱ्या वर्षाअखेर मुलगा परत आला, सात विषय राहिलेले. मधले दोन महिने तो वर्गात गेलाच नव्हता आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. वडील आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. दर हिवाळ्यात हरभऱ्याचे ओले डहाळे आणून देत. ते घेताना आम्हाला काय वाटे, ते आम्हालाच ठाऊक.

पुढे त्या मुलाने आयटीआयला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम केला, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला पदविकेला गेला. आज तो एका सूतगिरणीत देखभालीचे काम बघतो. वावर सोडवायला त्या घराला नऊ वर्षे लागली. तेव्हापासून आम्ही कॉलेजचे नाव सुचवत नाही. कॉलेज कसे पाहायचे, ते सांगतो.

कॉलेज पाहायला जाताना

आधी अभ्यासक्रम ठरवा, मग कॉलेज. आपल्याकडे उलटे होते : कॉलेज ठरते, आणि तिथे जी शाखा मिळेल ती मुलगा घेतो.

आता तीन इंग्रजी आद्याक्षरे नेहमी कानावर पडतात. नॅक पूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते. एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे करते, त्यामुळे एका शाखेला ते असेल आणि शेजारच्या शाखेला नसेल. एनआयआरएफ ही २०१६ पासून निघणारी क्रमवारी. यातल्या क्रमांकापेक्षा त्यामागची माहिती उपयोगाची. एनआयआरएफला दिलेल्या माहितीत नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यक असतो. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला. महामार्गावरच्या फलकावर असते ते सर्वांत मोठे पॅकेज, ते एकाचे असते. तुमचा मुलगा मधला असेल, तर तुम्ही मधल्याचा पगार विचारा. शिवाय वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, तेही विचारा.

मग प्रत्यक्ष जा. प्रवेशाच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी दोन वाजता जा. दुपारनंतर वर्ग भरलेले आहेत का? प्रयोगशाळेत एका टेबलाशी किती मुले आहेत, यंत्रावर धूळ आहे की हाताचे डाग? ग्रंथालयात गेल्या आठवड्यात किती पुस्तके घरी गेली? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी इंग्रजीसाठी काही मदत आहे का?

आणि सर्वांत महत्त्वाचे. फलकावर ज्यांचे फोटो आहेत त्यांना भेटू नका. ज्याचा एखादा विषय राहिला आहे, एटीकेटी लागली आहे, असा दुसऱ्या वर्षाचा मुलगा चहाच्या टपरीवर गाठा. त्याला विचारा : "विषय राहिला तेव्हा कोणी बोलावून विचारलं का?" तो जे सांगेल त्यात तुमचे उत्तर आहे.

पसंतीचा अर्ज आणि पैसा

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पसंतीची यादी भरायची असते. पुष्कळ पालक घाबरून, जे नक्की मिळेल ते वर लिहितात. याची गरज नाही. प्रक्रिया गुणवत्तेनुसार एकेक विद्यार्थी घेते आणि त्याच्या यादीवरून वरून खाली उतरते. जी पहिली जागा मिळू शकते ती देते. वर लिहिलेले मिळाले नाही म्हणून खालचे हातातून जात नाही. तेव्हा यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा. मात्र जिथे जायचेच नाही ते वर लिहू नका, कारण पहिली पसंती मिळाली की ती घ्यावी लागते, पुढच्या फेरीत नाव येत नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर शाखेनुसार आणि प्रवर्गानुसार असतात. तासभर बसून ते बघा.

आता पैशाचे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांचे शुल्क २०१५ च्या कायद्याप्रमाणे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. पावती न देता मागितलेली देणगी १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्यांना. व्यवस्थापन कोट्याची जागा घेतली की ती गेली. आमच्या त्या शेतकऱ्याचे वावर इथेच अडकले.

शिरपुरात तर हा फरक एका गावात दिसतो. राज्याच्या प्रक्रियेतून प्रवेश देणारी कॉलेजे इथे आहेत आणि अभिमत विद्यापीठाचे संकुलही आहे. दोन्हीकडच्या प्रवेशाची वाट वेगळी, शुल्क वेगळे, आणि वर सांगितलेली माफी अभिमत विद्यापीठाला लागू नाही. कोणते श्रेष्ठ हा मुद्दा नाही. अर्ज कोणत्या वाटेचा भरतो आहोत, ते आधी माहीत हवे.

दहावीला बसलेल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक वाट बघावी. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्याला सीईटी लागत नाही. हाताने काम करत शिकणाऱ्या मुलाला ही वाट बारावी सायन्सपेक्षा अनेकदा मानवते.

लांब की जवळ?

इथे आम्ही सोपे उत्तर देणार नाही. अमेरिकेत डेल आणि क्रूगर या दोघांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच योग्यतेची मुले, काही नामांकित कॉलेजात गेली, काही साध्या. पुढे त्यांच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी दाखवले, की सगळे हुशारच असलेल्या वर्गात मध्यम मुलाचा स्वतःवरचा विश्वास घसरतो. यावरून कोणी म्हणेल, मग जवळचेच बरे.

पण त्याच डेल-क्रूगर अभ्यासात एक अपवाद होता. गरीब घरच्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. कारण उघड आहे. ज्याच्या घरी ओळखी आहेत त्याला कॉलेजकडून ओळखी नकोत. ज्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात चालले आहे, त्याला मोठ्या जागेत नवी माणसे, नवी कामे दिसतात. बोराडी-पळासनेरकडच्या मुलाला हे लागू आहे. म्हणून 'गावातच राहा' असा उपदेश आम्ही करत नाही. लांब जायचे तर तिथे लक्ष ठेवणारा कोणी आहे का, कर्ज घराला झेपते का, एवढे पाहून खुशाल जा.

आणि मुलींबद्दल. मुलाला सत्तर टक्के असले तर पुणे, मुलीला सत्तर असले तर एसटीच्या पासवर जमेल ते कॉलेज, असे अजून होते. 'जवळ' हे कारण दोघांना लावा, नाही तर कोणालाच लावू नका.

आपले विद्यापीठ १९९० मध्ये जळगावला झाले, आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची गाणी मुलाने लिहून घेतली आणि त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, पुस्तक निघाले. म्हणजे कोणीतरी ऐकणारे, लिहून घेणारे जवळ होते. शिकणाऱ्याला एवढे एक माणूस लागते.

शेवटी एक विनंती. कॉलेज पाहायला जाल तेव्हा मुलाला, मुलीला बरोबर न्या. आणि तिथे गेल्यावर तुम्ही गप्प बसा. प्रश्न त्यांना विचारू द्या. दोन प्रश्न चुकतील, तिसरा बरोबर निघेल. चार वर्षे तिथे त्यांना काढायची आहेत.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.